परडं साफ केल्यावर तण पुन्हा माजू नये म्हणून काय केलंत? अनुभव लिहा

शहापूर, बेळगाव
सासूबाई गेल्यापासून घरामागच्या परड्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. परवा गडी लावून सगळं काढलं: घाणेरी, काँग्रेस गवत, हरळी, लव्हाळा, कंपाउंडलगतची सुबाभूळ. आता नुसती उघडी माती आहे आणि मला काळजी मृगाची. पाऊस पडला की आठवड्यात सगळं हिरवं. काढायचं कसं ते सगळेच सांगतात. काढल्यानंतर तुम्ही काय केलंत ते लिहा. जमीन काळी की तांबडी, तेही सांगा.

खानापूर, तांबडी जमीन
ताई, घाणेरी कोयत्याने छाटली असेल तर ती येणारच. बुंध्याभोवतीची माती कुदळीने बाजूला करा. फांद्या जिथून फुटतात ती जाड गाठ जमिनीत असते. तिच्या खाली, तीन-चार बोटं खोल मूळ तोडायचं. मग झुडूप उलटं, मुळं वर करून उन्हात वाळू द्यायचं. ओल्या मातीवर आडवं टाकलं तर फांद्याच मुळं धरतात. पाखरं फळं खाऊन बी टाकतात, म्हणून झाडांखाली आणि तारेच्या कुंपणालगत पावसाळ्यात रोपं दिसतील. ती बोटभर असतानाच हाताने निघतात.

येळ्ळूर, काळी जमीन, भातशेती
मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते लव्हाळ्यावर. उपटला की पात हातात येते, गाठ खालीच राहते. एकदा फावड्याने ढेकूळ उचलून पाण्यात धुऊन बघा: काळ्या गाठी, एकीतून दुसरीत गेलेला बारीक दोरा, जपमाळेसारख्या ओवलेल्या. माळ अखंड असेपर्यंत बऱ्याच गाठी झोपलेल्या असतात. रोटाव्हेटर फिरवला की माळ तुटते आणि सुट्या झालेल्या गाठी फुटतात. म्हणून छोट्या परड्यात रोटाव्हेटर नकोच. एप्रिल-मेच्या उन्हात खोल खणून ढेकळं उलटी टाका. गाठी वर येऊन वाळल्या की मरतात. उरलेल्यांची पात चार-पाच पानांची झाली की काढायची, नव्या गाठी धरायच्या आत, आणि हे पावसाळाभर. प्लास्टिक अंथरून भागत नाही, लव्हाळ्याचं टोक ते भोसकून वर येतं. त्याला सोसत नाही ती सावली. मी दाट ताग पेरतो आणि फुलावर येताच कापून तिथेच पसरतो.

निपाणी
आमच्याकडे उसाचं पाचट भरपूर. हरळीवर आधी पुठ्ठे, चिकटपट्टी काढून, भिजवून, एकावर एक चढवून अंथरायचे. वर वीतभर पाचट. फट राहिली की हरळी तिथूनच डोकं काढते. आणि ती येते शेजारच्या बांधावरून, त्यामुळे कडेने वीतभर खोल चर खणून तो मोकळा ठेवलाय. मध्ये काहीही करा, कड सांभाळली नाही तर श्रम वाया.

कॅम्प, बेळगाव
काँग्रेस गवत फुलायच्या आत, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. एका झाडाला हजारो बिया येतात. अंगाला खाज, शिंका, दमा असणाऱ्यांनी त्या कामाला जाऊच नये. फुललेलं झाड खतखड्ड्यात टाकू नका. त्याची पानं खाणारे पांढुरके, काळ्या रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका. ते मूळ मेक्सिकोचे, 1984 मध्ये बंगळूरला मुद्दाम सोडलेले. मोकळ्या कोपऱ्यात टाकळा येऊ द्या, तो काँग्रेसला जागा देत नाही आणि कोवळ्याची भाजी होते.

चिकोडी
मीठ टाकू नका, माती बाद होते. ग्लायफोसेट हे तणनाशक घरच्या घरी मारू नका. 2022 च्या ऑक्टोबरात केंद्राने ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनी वापरावं असा आदेश काढला होता. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, कच्च्यातून तणाचं बी येतं. सुबाभळीच्या बुंध्याला फुटवे येतील ते कोवळे असतानाच मोडून शेळ्यांना घाला. मोडत राहिलं की मुळातला साठा संपतो.

शहापूर, बेळगाव
सगळ्यांचे मनापासून आभार. पाचट कुठून मिळवायचं ते बघते. येळ्ळूरच्या दादांना एकच विचारायचंय: ताग कधी पेरू?

येळ्ळूर
वळवाची ओल मिळाली की लगेच, ताई. तण वर यायच्या आत ताग वर यायला हवा. बी नेहमीपेक्षा दाट टाका आणि पहिले पंधरा दिवस पाखरं राखा.