एकटीने मालवणला जायचे आहे : मुक्काम कुठे करावा?

सोनटक्का : डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मालवण, तारकर्ली आणि देवबाग असा चार दिवसांचा प्रवास मी एकटीने करणार आहे. ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या धरून सकाळी कुडाळला उतरण्याचा विचार आहे. माझ्यापुढे तीन पर्याय आहेत : मालवण बाजारपेठेतले लॉज, तारकर्लीचे पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आणि देवबागेतली घरगुती सोय. मन घरगुती सोयीकडे ओढते आहे. परंतु जाहिरातीतली छायाचित्रे समुद्राची आणि नारळांची असतात, रात्री त्या घरात कोण असते हे कुठेच लिहिलेले नसते. गेल्या वर्षी एका गावी आगाऊ पैसे भरलेले असतानाही लॉजच्या व्यवस्थापकाने रात्री नऊ वाजता ‘एकट्या बाईला खोली देत नाही’ असे सांगितले होते, त्यामुळे या वेळी आधीच विचारून घेत आहे.

भटकभवानी : तुम्हाला जो अनुभव आला तो टाळण्याचा उपाय एकच आहे : आरक्षण कोणत्याही संकेतस्थळावरून केले तरी मुक्कामाच्या जागी स्वतः दूरध्वनी करावा आणि ‘मी एकटी येणार आहे’ हे स्पष्ट सांगून त्यांचा होकार व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावा. एकटे असल्याचे लपवावे असा सल्ला पुष्कळ जणी देतात. रिक्षावाल्याच्या किंवा गाडीतल्या सहप्रवाशाच्या बाबतीत तो मला मान्य आहे, यजमानाच्या बाबतीत मात्र नाही; कारण नकार यायचाच असेल तर तो घरी बसून ऐकलेला बरा.

त्या बोलण्यात मी आणखी एक प्रश्न नेहमी विचारते : ‘जेवण कोण करते?’ प्रश्न साधा वाटतो, पण घरात खरोखर कुटुंब राहते की मालक मुंबईत असून बंगला एखाद्या राखणदारावर सोपवलेला आहे, हे त्याच्या उत्तरातून कळते. अभिप्राय वाचताना एकूण गुणांपेक्षा स्त्रियांनी अलीकडे लिहिलेले चार-पाच अभिप्राय शोधावेत.

खाडीकाठ : देवबागेत आमच्या घराच्या वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. एकट्या येणाऱ्या स्त्रिया हमखास समुद्राकडची शेवटची खोली मागतात, आणि मी त्यांना ती घेऊ नका असे सांगते. कारण ती सुरूच्या झाडांपलीकडे, आमच्या घरापासून हाकेच्या अंतराबाहेर आहे. लाटांचा आवाज थोडा कमी आला तरी चालेल, परंतु स्वयंपाकघराजवळची खोली घ्यावी. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी अशी चिंचोळी पट्टी आहे. अंधार पडल्यावर रस्त्याला वर्दळ फारशी राहत नाही आणि वीजही अधूनमधून जाते, त्यामुळे विजेरी जवळ असू द्या.

दुसरे म्हणजे, खाऱ्या वाऱ्याने कड्या आणि खिट्या लवकर गंजतात. पैसे देण्यापूर्वी, उजेडातच, दार आतून लावून पाहा. न्हाणीघराच्या खिडकीची खिटीही तपासा. कडी नीट बसत नसेल तर खोली बदलून मागण्यात संकोच कसला? ओळखपत्र आम्हाला घ्यावेच लागते, पण त्यासाठी आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत किंवा वाहन परवाना पुरेसा होतो.

पायवाट : वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी पहिल्या रात्रीसाठी महामंडळाचेच निवासस्थान सुचवीन. तिथे स्वागतकक्ष आणि नोंदवही असते, आणि तक्रार करायची झाली तर ती कोणाकडे करायची हे ठाऊक असते. राज्य शासनाने २०२३ साली स्त्री पर्यटकांसाठी ‘आई’ नावाचे धोरणही आणले आहे. महामंडळाच्या निवासस्थानांत ठरावीक दिवशी स्त्रियांना सवलत मिळते, ती तुमच्या तारखांना लागू आहे का ते विचारा. घरगुती मुक्कामात माया मिळते तशी चौकशीही होते. ‘मिस्टर नाही आले?’ या प्रश्नाला तिसऱ्यांदा उत्तर देताना मला सुट्टी संपल्यासारखे वाटले होते.

जाता जाता : देवस्थानांची भक्तनिवासे सुरक्षित असतात म्हणून पुष्कळ जणी तिकडे वळतात, परंतु त्यांपैकी अनेक ठिकाणी एकट्या व्यक्तीला, मग ती स्त्री असो वा पुरुष, खोली देत नाहीत. तेव्हा तिथेही आधी विचारावे लागते. आणीबाणीसाठी ११२ आणि स्त्रियांसाठीचा १८१ हे क्रमांक भ्रमणध्वनीत असू द्यावेत.

सोनटक्का : सर्वांचे आभार. आज देवबागेत तीन ठिकाणी दूरध्वनी केला. पहिल्या ठिकाणी एकटी असल्याचे सांगताच ‘या तर खरे, मग बघू’ असे उत्तर आले, म्हणून ते नाव खोडले. दुसऱ्या ठिकाणी जेवण बाहेरून मागवतात आणि रात्री फक्त एक मुलगा तिथे असतो. तिसऱ्या ठिकाणी काकांनी फोन थेट काकूंच्या हाती दिला, आणि काकूंनी मी काही विचारण्याआधीच ‘मासे खाता की शाकाहारी?’ असे विचारले. पहिली रात्र तारकर्लीला आणि पुढच्या दोन रात्री या काकूंकडे असे ठरवले आहे. स्वयंपाकघराला लागून असलेली खोली मागितली, तेव्हा त्या हसल्या आणि ‘तीच देणार होते’ म्हणाल्या. आता कुडाळहून मालवणला रिक्षाने जावे की एसटीने, एवढेच ठरायचे आहे.

खाडीकाठ : सकाळची वेळ आहे, एसटीनेच या. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. रेल्वे स्थानकावरून एसटी स्थानकापर्यंत रिक्षा मिळते. मालवणहून तारकर्ली सुमारे ७ किलोमीटर आहे, त्यामुळे दुपारच्या जेवणाआधी खोलीवर पोहोचाल आणि कडी तपासायला भरपूर उजेड असेल.