मदत हवी आहे: विश्वामित्री नदीतली मगर ऊर्जेच्या पिरॅमिडमध्ये कुठे बसवायची?

मंडळी, दहावीच्या मुलांसाठी ऊर्जाप्रवाहाचा तक्ता करते आहे, म्हणजे अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर किती ऊर्जा पोचते ते दाखवणारा पिरॅमिड. पुस्तकातले गवत-हरीण-वाघ नको, आपल्या बडोद्याची विश्वामित्री घ्यायची असं ठरलंय.

सरळ साखळी जमली. सूर्यप्रकाशाचे १० लाख ज्यूल धरले, वनस्पती त्यातले साधारण १% पकडतात असं पाठ्यपुस्तक म्हणतं, म्हणजे शैवालात १०,०००. पुढे शास्त्रज्ञ लिंडमनचा (१९४२) १०% नियम, म्हणजे प्रत्येक पायरीवरची साधारण १०% च ऊर्जा पुढच्या पायरीला मिळते: पाण्यातले सूक्ष्म प्राणी १,०००, छोटे मासे १००, मोठे मासे १०, मगर १. बाकीची ऊर्जा श्वसनात उष्णता होऊन जाते, काही न खाल्लेल्या भागांत आणि विष्ठेत.

अडलं ते इथे. आपली मगर मासे तर खातेच, पण वाहून आलेली मेलेली कुत्री आणि गुरंही खाते. ती नदीतल्या शैवालावर पोसलेली नाहीत! सांडपाण्याचंही तेच, त्यातल्या सेंद्रिय घाणीवर जिवाणू वाढतात, ते सूक्ष्म प्राणी खातात. म्हणजे ऊर्जा मधूनच आत शिरते. विघटकांचा (मेलेलं आणि घाण कुजवणाऱ्या जिवाणूंसारख्या जीवांचा) वेगळा चौकोन काढून पाहिला, पण बाण इतके झाले की तक्ता जाळ्यासारखा दिसतो. मगर थंड रक्ताची, शरीर गरम ठेवायला अन्न जाळत नाही. मग तिलाही १०% च लावायचे का, हीसुद्धा शंका आहेच.

प्रत्यक्ष मोजमाप शक्य नाही, आकडे कल्पितच राहतील. जागा एका कार्डशीटची.

तर बाहेरून येणारी ही ऊर्जा पिरॅमिडच्या त्या-त्या पायरीत मिळवायची, की पिरॅमिड फक्त शैवालापासूनचा ठेवून ती बाजूने वेगळ्या बाणाने दाखवायची? शास्त्रीयदृष्ट्या बरोबर काय?