प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजला 8.8 चा बोल्ट चालेल की 10.9चाच हवा?

पिकअपवाला:
प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) मागच्या फ्लँजच्या, म्हणजे टोकाच्या जोडचकतीच्या, चार बोल्टांपैकी एक गायब, एकाचे आटे गेलेत. उरलेल्या दोघांच्या डोक्यावर 10.9 आहे. एम 10 (10 मिमी जाडीचे), बारीक आटे. हार्डवेअरच्या दुकानात 8.8, स्टेनलेस आणि काळे 12.9 अ‍ॅलन (डोक्यात षटकोनी खाच असलेले) मिळताहेत. गाडी भरून घाट चढते. काय टाकू? दोनच बदलले तर चालेल का?

रिंगपाना:
10.9च, आणि चारही नवे. पहिला आकडा गुणिले 100 म्हणजे बोल्ट तुटण्याचा ताण, मेगापास्कलमध्ये. दुसरा आकडा गुणिले 10, त्याच्या तेवढ्या टक्क्यांवर तो कायमचा लांबतो. म्हणजे 8.8 लांबतो 640 ला, 10.9 लांबतो 900 ला. एम 10 बारीक आट्याला हे साधारण 4 टन आणि 5.6 टन पडतं. डोक्यावर काहीच नसलेला बोल्ट 4.6 च धरा, जेमतेम दीड टन.

इंजिनाचा जोर बोल्टच्या दांड्यावर येत नाही, तो दोन फ्लँजच्या घर्षणातून जातो. ते घर्षण टिकतं बोल्टच्या आवळण्यावर. 8.8 ला 10.9 चा टॉर्क (आवळण्याचा जोर) दिलात तर तो लांबतो, कमी दिलात तर फ्लँज सरकते. मग भोकात खेळ येतो आणि बोल्टचा दांडा कातरला जातो. जुने दोन आधीच जास्तीचा भार सोसून बसलेत. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघा. मध्येच अडला तर बोल्ट लांबलाय.

लेथवर_उभा:
12.9 म्हणजे आणखी चांगला, असं नाही. 12.9 चा पूर्ण आवळ दिला तर डोकं फ्लँजच्या पृष्ठात रुततं आणि आवळ उतरतो. शिवाय इतकं कडक पोलाद झिंक प्लेटिंग करून घेतलं तर त्यात हायड्रोजन शिरतो, आणि आवळून ठेवलेला बोल्ट काही तासांनी आपोआप कडकन तुटू शकतो. म्हणून गंजू नये म्हणून बाहेरून प्लेटिंग मारून घेऊ नका. स्टेनलेस तर सोडाच. ए2-70, म्हणजे दुकानातला नेहमीचा स्टेनलेस, लांबतो 450 ला, आणि स्टेनलेसचा नट त्यावर आवळताना मध्येच चिकटतो.

पिकअपवाला:
आटे 1.25 चे की 1.5 चे (दोन आट्यांतलं अंतर, मिमीत), कसं ओळखू? आणि नट जुनेच वापरू?

रिंगपाना:
व्हर्नियरने दहा आट्यांचं अंतर मोजा. 12.5 मिमी आलं तर 1.25, 15 आलं तर 1.5. आटे जुळत नसतील तर जोर लावून बसवायला जाऊ नका, पहिले दोन-तीन आटे बसतात आणि मग कापले जातात.

नट नवे, डोक्यावर 10 लिहिलेले. 8 च्या नटाचे आटे बोल्टच्या आधी सोलले जातात. नायलॉकचा (आत नायलॉनचं कडं असलेला) नट तर एकदाच वापरायचा.

लेथवर_उभा:
स्प्रिंग वायसर नको. 10.9 च्या आवळाखाली ते चपटं होऊन नुसतं पडून राहतं. फ्लँजची तोंडं तारेच्या ब्रशने घासून गंज, रंग, ग्रीस काढा, नाहीतर दबलेला रंग नंतर बसतो आणि बोल्ट ढिला पडतो. टॉर्क मॅन्युअलमधला. तो हाताशी नसेल तर कोरड्या आट्यांना साधारण 65 ते 70 न्यूटन मीटर. तेल लावलं असेल तर एवढा देऊ नका, बोल्ट जास्त ताणला जाईल. आवळताना समोरासमोरचे, दोन फेऱ्यांत. मग नटावरून फ्लँजवर रंगाची एक रेघ ओढा. घाट उतरलात की रेघ तुटलीय का, एवढं बघायचं.