कॅरमवर करून बघा

कुणीतरी विचारलंय की टकरीत ऊर्जा कमी होते तर संवेग (म्हणजे वस्तुमान गुणिले वेग) पण कमी व्हायला नको का. नाही होत! इथे कळव्याला भाचीला मी कॅरमवरच दाखवलं, स्ट्रायकर १५ ग्रॅमचा, सोंगटी साधारण ५ ची, अगदी समोरासमोर बसला आणि ऊर्जा वाया गेली नाही असं धरलं तर सोंगटी स्ट्रायकरच्या आधीच्या वेगाच्या दीडपट वेगाने सुटते आणि स्ट्रायकर अर्ध्या वेगाने तिच्या मागे सरकतो, म्हणजे आधीचा वेग १ धरला तर स्ट्रायकरच्या १५ संवेगाचे साडेसात-साडेसात वाटले गेले, बेरीज तीच. खऱ्या बोर्डवर 'टक्' आवाज येतो ना, तिथे थोडी ऊर्जा गेली, पण स्ट्रायकरने सोंगटीला जेवढा धक्का दिला तेवढाच उलटा त्यालाही बसला म्हणून संवेग जुळतोच. पावडर मात्र नीट टाका, घर्षणाने सगळा हिशोब बिघडतो.