मदत हवी आहे : इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटर कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

रेडिंगला पाच वर्षं भाड्यानं राहिल्यावर शेवटी २,८५,००० पौंडांचा एक लीजहोल्ड (जमीन मालकाची, आपला ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा) फ्लॅट ठरवलाय. अडलंय सॉलिसिटरपाशी, म्हणजे खरेदीचे कागद करणाऱ्या वकिलापाशी. पुण्याला बिल्डरच्याच वकिलानं कागद केले, रजिस्ट्रार ऑफिसात अंगठे दिले, झालं. इथे आपला वकील आपण शोधायचा, आणि कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज (सह्या झालेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत विकणारा केव्हाही फिरू शकतो. वकील चेंगट निघाला तर घर हातचं जायचं.

एस्टेट एजंट "आमचाच घ्या" म्हणून रोज फोन करतोय. रेफरल फी (गिऱ्हाईक पाठवल्याचं कमिशन) मिळते का, असं स्पष्ट विचारल्यावर हो म्हणाला. त्यांच्या वकिलाचा आकडा ६४९ पौंड. मग खाली बारीक अक्षरांत लीजहोल्डचे ३५०, लेंडरच्या (कर्ज देणाऱ्या बँकेच्या) कामाचे १२५, गिफ्टेड डिपॉझिट (घरच्यांनी दिलेले पैसे) तपासायचे ९५, पैसे पाठवायचे ४५, वर २० टक्के व्हॅट. म्हणजे दीड हजार झालेच. गावातल्या सॉलिसिटर बाई सगळं धरून १,५५० अधिक व्हॅट म्हणतात, पण फोन स्वतः उचलतात. सर्चेस (घराबद्दलची सरकारी चौकशी) आणि लँड रजिस्ट्रीची फी दोन्हीकडे वेगळी. एजंटवाल्यांकडे व्यवहार फिसकटला तर त्यांची फी माफ, बाईंकडे नाही. व्हॅट धरून साडेतीनशे पौंड जास्त मोजावेत का?

दुसरं, बाबा सांगलीहून १५ लाख देणार आहेत. त्यांच्या पैशांचा उगम दाखवा, असं सॉलिसिटर म्हणतात. ठेव पतसंस्थेत, पासबुक मराठीत, अर्धं हातानं लिहिलेलं. बाबा म्हणाले, "मी काय दरोडा घातलाय?" कुणी असं पासबुक भाषांतर करून दिलंय का?

स्टॅम्प ड्यूटीची तेवढी काळजी नाही, तीन लाखांच्या आत पहिल्या घराला माफ आहे. (कोथरूडला नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या नावावर एक फ्लॅट आहे, पण तो तिकडे.)

प्रतिसाद १
बाईंकडे जा. आधी त्या तुमच्या लेंडरच्या पॅनेलवर (मान्य वकिलांच्या यादीत) आहेत का ते विचारा, नसतील तर बँक दुसऱ्या वकिलाचा खर्च तुमच्यावर घालते. पासबुकाचं आम्ही प्रमाणित भाषांतर दिलं होतं, चाललं. आणि बँक डिटेल्स ईमेलनं आले की पैसे पाठवण्याआधी बाईंच्या ओळखीच्या नंबरवर फोन करून पडताळा. मधल्यामध्ये खातं बदलून फसवणारे पुष्कळ आहेत.

प्रतिसाद २
थांबा, त्या कंसातल्या वाक्याचं काय? पहिलं घर म्हणजे जगात कुठेही पहिलं. नवऱ्याचं नाव कोथरूडच्या फ्लॅटवर असेल आणि तो इथल्या खरेदीत असेल तर माफी गेली. वर त्याच्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंड किंवा जास्त भरली तर दुसऱ्या घराचा ५ टक्के जादा कर. तुमच्या किमतीवर नेहमीचा कर ४,२५० अधिक जादा १४,२५०, म्हणजे १८,५०० पौंड. फक्त तुमच्या नावावर घेऊनही या जादा करातून सुटका नाही, त्यासाठी नवरा-बायको एकत्र धरतात. कोणताही सॉलिसिटर घ्या, हे पहिल्या फोनवर सांगा.

धागाकर्ती
बापरे. साडेतीनशेसाठी आठवडाभर डोकं खात होते मी. नवऱ्यानं आत्ताच सासऱ्यांना फोन लावलाय, इंडेक्स टूवर कुणाचा किती हिस्सा लिहिलाय ते बघायला. ते म्हणतायत कागद बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, सोमवारी बघू.