डॉली सॉड्सवर एकाच अंगाला फांद्या असलेली झाडं: हा रोग आहे का?

रानवाटा (उत्तर व्हर्जिनिया):
गेल्या विकांताला वेस्ट व्हर्जिनियातल्या डॉली सॉड्सला गेलो होतो. पठारावर जागोजागी ख्रिसमस ट्रीसारखी झाडं आहेत, पण कितीतरी झाडांना फांद्या फक्त पूर्वेच्या अंगाला. पश्चिमेकडून खोड बोडकं. रोग आहे का? वाटेत एकाने सांगितलं की हा रेड स्प्रूस, आणि पूर्वी इथे त्याचंच घनदाट जंगल होतं. आता तर गवत, झुडपं आणि दगडच दगड. झालं काय नक्की? आणि एक रोप आमच्या अंगणात लावलं तर जगेल का? घर डीसीजवळ आहे.

चीटकाठ (मॉर्गनटाउन):
रोग नाही, वारा. तिथे पश्चिमेचा वारा सतत झोडपतो आणि हिवाळ्यात सोबत बर्फाचे कण आणतो. त्या अंगाचे कोंब खरवडून वाळतात, आडोशाचे तेवढे वाढतात.

जंगलाचं मात्र सविस्तर सांगते. दर वसंतात मी चीट माउंटनवर स्प्रूसची रोपं लावायला जाते, त्यामुळे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. या राज्यात एकेकाळी निदान ५ लाख एकरांवर रेड स्प्रूस होता असा अंदाज आहे. आज जेमतेम दहावा हिस्सा. साधारण १८८० ते १९२० या काळात आगगाडी डोंगरात शिरली आणि कडेकपारीतलं लाकूडही खाली आलं. कॅस हे गाव १९०१ मध्ये कागद कंपनीने त्यासाठीच वसवलं. स्प्रूसचा तंतू लांब, कागदाच्या लगद्याला उत्तम.

पण खरा घात तोडीनंतर झाला. थंड, दमट हवेत स्प्रूसच्या सुया लवकर कुजत नाहीत. शतकानुशतकं साठलेला त्यांचा जाड थर हीच तिथली जमीन. झाडं गेली, ऊन लागलं, थर वाळला. त्यावर तोडीच्या डहाळ्यांचे ढीग, आणि शेजारून ठिणग्या उडवत जाणारी इंजिनं. आगी लागल्या तेव्हा जमीनच जळाली, काही ठिकाणी थेट खडकापर्यंत. तुम्ही पाहिलेले बरेचसे दगड असे उघडे पडलेत. बी रुजायला तिथे काही उरलंच नाही.

जिथे माती वाचली तिथे बर्च, मेपल, बीच वाढले, आणि त्यांच्या सावलीत स्प्रूसची पोरं अजून उभी आहेत. हे झाड सावलीत कित्येक दशकं तग धरतं. मनगटाएवढं खोड पन्नाशीचं असू शकतं! वरच्या एखाद-दोन झाडांची साल कड्यासारखी सोलून ती वाळवली की उजेड मिळतो आणि खालचं झाड सरसर उंच होतं. रोपलावणीइतकंच, माझ्या मते थोडं जास्तच, मोल या कामाला आहे, कारण ही झाडं मुळं रोवून बसलेलीच असतात. जुन्या कोळसा खाणींच्या जागी मात्र रोपांशिवाय इलाज नाही. तिथली जमीन यंत्रांनी दडपून इतकी घट्ट झालीय की आधी बुलडोझरने खोल फाडावी लागते.

सहातारा (पुणे):
गिटारवाले ज्याला ‘अ‍ॅडिरॉन्डॅक स्प्रूस’ म्हणतात तो हाच ना? १९४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मार्टिन कंपनीच्या गिटारींची वरची फळी याचीच असे, पुढे मोठे ओंडके मिळेनासे झाले आणि सिट्का स्प्रूस आला. हलकं तरी ताठ लाकूड, कितीही जोरात वाजवा, आवाज फाटत नाही.

चीटकाठ:
हो, तोच. आणि मेनमध्ये १८४८ पासून याच्या राळेचं च्युइंगमही विकत. तिथले मूळ रहिवासी ती राळ त्याच्या कितीतरी आधीपासून चघळत होते.

बर्लिंग्टनकर (व्हरमाँट):
आमच्याकडे आग नाही, आम्लपाऊस. कॅमल्स हंप डोंगरावर १९६० ते १९८०च्या दशकांत मोठे स्प्रूस निम्म्याच्या आसपास मेले. वीजकेंद्रांच्या धुरातलं आम्ल सुयांमधलं कॅल्शियम धुऊन नेतं, मग त्यांना कडाक्याची थंडी सोसत नाही. १९९०मध्ये हवाप्रदूषणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानंतर धूर कमी झाला आणि आता झाडं पुन्हा जोमाने वाढताहेत.

रानवाटा:
ताई, खूप आभार! अंगणाचं राहिलं.

चीटकाठ:
अंगणात नको. हे धुक्यातलं झाड. या राज्यात ते साधारण ३,००० फुटांच्या वर रमतं, तुमच्याकडचा जुलै त्याला झेपणार नाही. शिवाय नर्सरीत बहुधा नॉर्वे स्प्रूसच मिळेल. त्याचे शंकू वीतभर लांब होतात, रेड स्प्रूसचे बोटाच्या दोन पेरांएवढे.

त्याची गरज डोंगरावर आहे. इथली एक उडती खार याच जंगलावर जगते. मुळांशी वाढणारी भूमिगत बुरशी उकरून खाते आणि विष्ठेतून तिचे बीजाणू पसरवते. त्या बुरशीमुळे स्प्रूसच्या मुळांना पोषण मिळतं. १९८५ मध्ये ही खार संकटग्रस्त ठरली होती, २०१३ मध्ये त्या यादीतून बाहेर आली.

वसंतात लावणीला या, मुलांनाही आणा. त्याआधी डर्बिनजवळचं गॉडिनियरचं जुनं जंगल बघा. जुन्या मोजणीदाराने होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक धरला नाही, म्हणून पाचरीच्या आकाराचा तुकडा कुणाच्याच हद्दीत आला नाही आणि तोडीतून वाचला. स्प्रूसचं मूळ जंगल कसं होतं ते तिथे कळतं. वरचा रस्ता कच्चा आहे, बर्फ पडायच्या आत जा.