मदत हवी आहे: अपग्रेडनंतर कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलींतले जुने व्हर्जन नंबर कसे शोधता?

मंडळी, शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीचा बिलिंग सर्व्हर मी सांभाळतो. रविवारी त्याची ऑपरेटिंग सिस्टीम उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेली. बिलिंग ज्यावर चालतं ते पीएचपी ७.४ चं ८.१ झालं, पण एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या फाइलीत पीएचपीशी जोडणाऱ्या सॉकेटचं नाव ७.४ चंच राहिलं. सोमवारी सकाळी ५०२ एरर (एनजिनएक्सला पीएचपी सापडेना), आणि गेटवर भरलेले ट्रक बिलासाठी उभे! फार वाईट वाटलं.

अपग्रेडनं ‘जुनी फाइल ठेवू की नवी?’ विचारलं तेव्हा मी सगळीकडे जुनीच ठेवली. नव्या फाइली नावाला डीपीकेजी-डिस्ट (.dpkg-dist) शेपटी लावून शेजारीच पडल्यात. आता कुठली फाइल कुठल्या व्हर्जनची, कळेना.

कॉन्फिग फाइलींचं एटसी (/etc) फोल्डर गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहील असं, ठेवायला एटसीकीपर हे टूल कोणी वापरतं का? पुढं उबुंटू २४.०४ वर नेताना पीएचपी ८.३ येणार. त्याआधी व्हर्जनचा आकडा कुठंकुठं लिहिलाय हे कसं शोधता, तेवढं सांगा की.